कुशीतला क्षय

डॉक्टर आनंदीबाई जोशी काही काळ आपल्या अलिबागेत राहिल्या होत्या, गोपाळरावांची बदली झाली म्हणून. बायकांच्या दुखण्यांसाठी त्या 1886 साली डॉक्टर झाल्या आणि 1887 मध्ये क्षयानं गेल्या. रॉबर्ट कॉखनं जंतू 1882 लाच दाखवला होता; औषध नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन सापडलं 1943 मध्ये, आयसोनियाझिड आलं 1952 मध्ये.

क्षय म्हणजे खोकला, असं आपण धरून चालतो. पण तो रक्तावाटे गर्भनलिकांतही उतरतो. बाईला ना खोकला, ना ताप. कधी पाळी कमी होते, कधी तेही नाही. फक्त दिवस राहत नाहीत. मग नवस, अंगारे, आणि पूर्वी तर सवतच! (नवऱ्याला तपासायचं कुणाच्या मनातही येत नसे.) इटलीच्या मोर्गान्यीनं 1744 मध्ये शवविच्छेदनात हा आजार पाहिला होता, आपण मात्र बाईला वांझ म्हणत राहिलो.

आता गर्भाशयाच्या अस्तराचा नमुना तपासतात. क्षय निघाला तर साधारण सहा महिने गोळ्या घ्यायच्या. सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. लवकर गेलं तर उपयोग अधिक. उशीर झाला तर गोळ्यांनी जंतू मरतो, पण चिकटून बंद झालेल्या नलिका सहसा उघडत नाहीत.