माळ्यावरचं मुकं धूड

आमच्या नात्यातल्या निदान तीन घरांच्या माळ्यावर एकेक जुना व्हॅक्यूम क्लीनर पडून आहे. बटण दाबलं तर ना घरघर, ना गुरगुर. मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो "भंगारवाल्याला द्या", दुसरा म्हणतो "असू दे, दादांनी आणलाय". मंडळी, तिसराही रस्ता आहे. तो बंद का पडला ते बघायचं! आणि गंमत म्हणजे ते बघता बघता शंभरेक वर्षांचा इतिहास हाताला लागतो.

गोष्ट सुरू होते १९०१ साली, लंडनमध्ये. धूळ फुंकून उडवण्यापेक्षा ओढून घ्यावी, हे ह्युबर्ट सेसिल बूथ या इंजिनियरच्या डोक्यात आलं. त्याचं यंत्र म्हणजे पेट्रोलच्या इंजिनाची, घोड्यांनी ओढायची अख्खी गाडी. ती रस्त्यावर उभी राही आणि लांबलचक नळ्या खिडकीतून घरात जात. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी वेस्टमिन्स्टर ॲबीचे गालिचे तिने साफ केले. थोडक्यात, राजेरजवाड्यांचं काम.

घरात मावेल असं यंत्र जमवलं ते अमेरिकेत, ओहायोतल्या कँटन गावी, दुकानात साफसफाई करणाऱ्या जेम्स मरे स्पँग्लर यांनी. झाडताना धुळीने त्यांचा दमा उसळायचा. पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा, एवढ्या सामानावर त्यांनी यंत्र उभं केलं. १९०८ मध्ये पेटंट मिळालं, ते चामड्याच्या वस्तू बनवणाऱ्या विल्यम हूवर यांनी घेतलं, आणि पुढे इंग्रजीत 'हूवर' हे क्रियापदच झालं. आपल्याकडे टाय लावलेले विक्रेते हे यंत्र दारोदार दाखवू लागले ते १९८२ मध्ये युरेका फोर्ब्स सुरू झाल्यावर. त्या पिढीची यंत्रंही आता चाळिशी ओलांडून गेली.

असो. आता तपासणी. आधी मागची पट्टी वाचा. अमेरिकेहून आलेलं यंत्र १२० व्होल्टचं असेल तर आपल्या २३० व्होल्टवर थेट लावायचं नाही, मोटर जळेल. मग त्याच सॉकेटमध्ये टेबल लॅम्प लावून बघा. (हसू नका, पुष्कळदा रोग तिथेच असतो.) यापुढचं सगळं प्लग काढून.

प्लग उघडा, आतला स्क्रू सैल झालाय का बघा. आपल्या गोल पिना जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या. खुद्द ब्रिटन १९४७ नंतर हळूहळू चौकोनी पिनांकडे गेलं. त्या चौकोनी प्लगच्या पोटात फ्यूज असतो, विलायतेहून आलेल्या यंत्रात तो आधी तपासावा. त्याही आधीच्या काळात घरात वीज असे ती दिव्यापुरती, त्यामुळे यंत्राची वायर चक्क दिव्याच्या होल्डरमध्ये अडकवत!

वायर तुटते ती नेहमी वाकते तिथे: प्लगपाशी, नाहीतर यंत्रात शिरते तिथे. मल्टिमीटर लावला की कळतं. मग स्विच. आणि सगळं ठीक असूनही यंत्र गप्पच असेल, तर बहुधा कार्बन ब्रश.

हा 'ब्रश' दिसतो पेन्सिलीच्या शिशाच्या चौकोनी तुकड्यासारखा. मग ब्रश का म्हणायचं? कारण सुरुवातीच्या जनित्रांत तिथे तांब्याच्या तारांचे खरेखुरे झुबके असत. १८८५ मध्ये जॉर्ज फोर्ब्स या स्कॉटिश इंजिनियरने कार्बनचं पेटंट घेतलं. वस्तू बदलली, नाव राहिलं. अशी मोटर एसीवरही चालते आणि डीसीवरही, आणि ज्या काळात शहरागणिक वीज वेगळी होती तेव्हा ते फार सोयीचं होतं. न्यूयॉर्कमधला डीसीचा शेवटचा पुरवठा तर २००७ मध्ये बंद झाला, बोला!

ब्रश झिजून आखूड झाला की स्प्रिंग त्याला फिरत्या तांब्यापर्यंत पोचवू शकत नाही. वीज तिथेच अडते. नव्या जोडीला फार पैसे पडत नाहीत. मापाची मिळाली म्हणजे झालं.

एक मात्र कळकळीने सांगते. वायरीवरचं रबर बोटाने चुरा होत असेल, किंवा यंत्राचं अंग पत्र्याचं आणि वायर दोनच तारांची, म्हणजे अर्थिंग नाहीच, असं असेल, तर हौसेने चालू करून बघू नका. जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून मेगर लावून घ्या. जमलं नाही तर वायर कापून शोभेला ठेवा. दादांची आठवण शॉक न देताही राहते.

मला त्या कार्बनच्या तुकड्याचं फार अप्रूप वाटतं. आतली तांब्याची चकती टिकावी म्हणून मुद्दाम मऊ केलेला, झिजण्यासाठीच बसवलेला भाग. तो संपला की आपण अख्खं यंत्र मेलं म्हणून मोकळे होतो. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा झाकण उघडा. इतकंच.