हवेवर चालणारा डायफ्राम पंप : उगम, कार्यतत्त्व आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या उद्योगांपुढील निवडीचा प्रश्न

प्रस्तावना

तंत्रज्ञानाच्या इतिहासात पाणी उपसण्याच्या साधनांना महत्त्वाचे स्थान आहे. शेती, खाण आणि कारखाना या तिन्ही क्षेत्रांची वाढ कोठवर होईल, हे बऱ्याच अंशी या साधनांनीच ठरविले. असे असूनही आपल्याकडील अभ्यास मुख्यतः सिंचनाच्या पंपांपुरता मर्यादित राहिलेला दिसतो. खाणीतील गाळ, कारखान्यातील आम्ल, कागदाचा लगदा असे अवघड द्रव वाहून नेणाऱ्या पंपांच्या इतिहासाकडे मानव्यविद्येच्या अभ्यासकांनी फारसे लक्ष दिलेले नाही. प्रस्तुत लेखात दाबयुक्त हवेवर चालणाऱ्या दुहेरी डायफ्राम पंपाचा उगम, त्याचे कार्यतत्त्व आणि औद्योगिक वापरासाठी त्याची निवड यांचा विचार चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांच्या संदर्भात केलेला आहे. ऊर्जेच्या दृष्टीने हा पंप खर्चिक आहे. तो टिकून राहिला तो सुरक्षिततेच्या व सोयीच्या बळावर. म्हणून त्याची निवड केवळ खरेदीच्या किमतीवर करणे हे त्याच्या इतिहासाशी विसंगत ठरते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

चामडे, भाता आणि मोट

लवचीक पडदा आणि झडप यांच्या साहाय्याने हवा किंवा पाणी हलविण्याची कल्पना आधुनिक नाही. मध्य भारतातील अगारिया लोहार लोखंड गाळण्यासाठी पायाने चालविण्याचा जोड भाता वापरीत. लाकडी खोलगट भांड्यावर चामडे ताणून बसविलेले असे. एका पायाने एक चामडे दाबले जात असताना दुसरे चामडे वाकविलेल्या बांबूच्या ताणाने वर उचलले जाई. चामड्यातील छिद्रावर टाच पडली की ते बंद होई. टाच उचलली की त्यातून हवा आत येई. अशा प्रकारे दोन कक्ष आळीपाळीने भरत व रिकामे होत आणि भट्टीला जवळजवळ अखंड वारा मिळे. पूर्वीच्या चांदा जिल्ह्यातील लोहारा परिसराच्या लोहखनिजाची नोंद ब्रिटिशकालीन गॅझेटियरांत आढळते. त्यामुळे लोखंड गाळण्याची परंपरा या भूभागाला परकी नव्हती.

आधुनिक पंप या भात्यातून निर्माण झाला असा दावा येथे करावयाचा नाही. मात्र दोन पडदे, आळीपाळीची हालचाल आणि आपोआप उघडझाप करणारी झडप ही तीन अंगे दोहोंत समान आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. शेतीतील मोटेतही चामडेच होते. परंतु तेथे ते केवळ पात्राचे काम करी, दाब निर्माण करीत नसे. मोटेची जागा महाराष्ट्रात यंत्राने घेतली, त्या प्रक्रियेत किर्लोस्करवाडीचा वाटा मोठा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये औंध संस्थानात ही वसाहत उभारली आणि १९२६ मध्ये तेथे सेंट्रिफ्यूगल पंपांची निर्मिती सुरू झाली. फिरत्या पंख्याने पाण्याला गती देणारा हा पंप स्वच्छ पाण्यासाठी उत्तम ठरला. दाट, खरखरीत किंवा दाहक द्रवांचा प्रश्न मात्र त्याने सुटला नाही.

खाणीतील पाणी आणि दाबयुक्त हवा

पंपाच्या आधुनिक इतिहासाचा आरंभ खाणीत झाला. १६९८ मध्ये टॉमस सेव्हरीने वाफेच्या साहाय्याने पाणी उपसण्याच्या यंत्राचे एकस्व घेतले. त्यात वाफ पाण्यावर थेट दाब देई. वाफ आणि पाणी यांच्यामध्ये कोणताही पडदा नव्हता. १७१२ मध्ये टॉमस न्यूकोमेनचे दट्ट्याचे इंजिन इंग्लंडमधील डडली परिसरात कोळशाच्या खाणीतील पाणी उपसू लागले. पुढे १८६० च्या दशकात आल्प्स पर्वतातील फ्रेजुस बोगद्याच्या कामात दाबयुक्त हवेवर चालणारी छिद्रणयंत्रे वापरली गेली. हवा दूरवर नळीने नेता येते, तिच्यामुळे ठिणगी उडत नाही आणि वापरून झालेली हवा बोगद्यातील वायुवीजनास मदत करते, हे त्या अनुभवाने सिद्ध झाले.

चंद्रपूर परिसराला खाणीतील पाण्याचा प्रश्न नवा नाही. वरोरा येथील सरकारी कोळसा खाण १८७० च्या दशकात सुरू झाली व १९०६ मध्ये बंद झाली. त्यानंतर बल्लारपूर, घुग्घुस, माजरी, दुर्गापूर असा कोळसा पट्टा विकसित होत गेला. राष्ट्रीयीकरणानंतर १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड ही कंपनी नागपूर येथे मुख्यालय असलेली स्वतंत्र कंपनी म्हणून अस्तित्वात आली. त्याच वर्षी २७ डिसेंबर रोजी धनबादजवळील चासनाला खाणीत शेजारच्या जुन्या, पाण्याने भरलेल्या भागातील पाणी शिरून सुमारे ३७५ कामगार मृत्युमुखी पडले. असा लोंढा कोणताही पंप थोपवू शकत नाही, हे खरे. परंतु खाणीतील पाण्याकडे केवळ उत्पादनातील अडथळा म्हणून पाहता येत नाही, हे त्या दुर्घटनेने देशाला शिकविले.

डायफ्राम पंपाचा उगम

हाताने दांडा चालवून पडदा वरखाली करणारे पंप विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधकामाच्या खड्ड्यांत व नौकांवर वापरात होते. हवेवर चालणाऱ्या दुहेरी डायफ्राम पंपाचे श्रेय सामान्यतः कॅलिफोर्नियातील जिम विल्डेन यांना दिले जाते. त्यांनी १९५५ मध्ये हा पंप प्रचारात आणला. तो याच सुमारास का आला, याचे उत्तर रसायनशास्त्राच्या इतिहासात सापडते. नैसर्गिक रबर तेलात फुगते व खराब होते. निओप्रीन आणि नायट्राइल ही कृत्रिम रबरे १९३० च्या दशकात उपलब्ध झाली, तर टेफ्लॉनचा शोध १९३८ मध्ये रॉय प्लंकेट यांना लागला. लक्षावधी वेळा वाकूनही न फाटणारा आणि रसायनांना दाद न देणारा पडदा मिळाल्यानंतरच हा पंप व्यवहार्य ठरला. चामड्याच्या भात्यात असलेले तत्त्व उद्योगात उतरण्यासाठी योग्य पदार्थाची वाट पाहावी लागली, असे म्हणता येईल.

कार्यतत्त्व

या पंपात दोन कक्ष समोरासमोर असून प्रत्येकात एक डायफ्राम असतो. दोन्ही डायफ्राम एका शाफ्टने जोडलेले असतात. मधल्या भागातील हवा-झडप दाबयुक्त हवा प्रथम एका डायफ्रामच्या मागे सोडते. तो बाहेरच्या बाजूस ढकलला जातो व आपल्या कक्षातील द्रव वरच्या नळीत लोटतो. त्याच वेळी शाफ्टमुळे दुसरा डायफ्राम आत ओढला जातो, त्याच्या कक्षात निर्वात निर्माण होतो आणि खालच्या नळीतून द्रव आत येतो. फेरी पूर्ण होताच हवा-झडपेची दिशा बदलते व क्रिया उलट होते. प्रत्येक कक्षास आत येण्याची व बाहेर जाण्याची अशा दोन, म्हणजे एकूण चार झडपा असतात. त्या बहुधा गोळीच्या असून द्रवाच्या दाबानेच उघडतात व मिटतात.

या रचनेतून त्याचे गुणधर्म उद्भवतात. विजेची मोटार नसल्याने पंपाच्या ठिकाणी विद्युत ठिणगीचा संभव नाही. फिरता शाफ्ट द्रवात नसल्याने सीलमधून गळतीचा प्रश्न नाही. कोरडा चालला तरी तो लगेच बिघडत नाही आणि काही मीटर खोलीवरील द्रव स्वतःच ओढून घेतो. वातावरणाच्या दाबाने पाणी सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे १०.३ मीटर चढू शकते. प्रत्यक्षात कोरड्या अवस्थेत ४ ते ६ मीटर एवढीच अपेक्षा ठेवावी. बाहेरची नळी बंद केल्यास दोन्ही बाजूंचा दाब समान होऊन पंप आपोआप थांबतो व नळी उघडताच पुन्हा सुरू होतो. हवेचा दाब हीच द्रवाच्या दाबाची कमाल मर्यादा असते.

त्याच्या मर्यादाही याच रचनेत आहेत. प्रवाह ठोक्याठोक्याने येतो. त्यासाठी नळीवर स्पंदनशामक बसवावा लागतो. बाहेर पडणारी हवा प्रसरण पावून थंड होते. हवेत आर्द्रता असेल तर निकासाजवळ बर्फ साचून पंप थांबू शकतो. म्हणून पावसाळ्यात हवेच्या नळीवर पाणी वेगळे करणारा गाळक असणे आवश्यक ठरते. डायफ्राम फाटल्यास द्रव हवेच्या निकासमार्गाने बाहेर पडतो, हा दोष सर्वांत गंभीर मानावा लागेल.

ऊर्जेचा हिशेब

एका साध्या गणिताने हा मुद्दा स्पष्ट होईल. मिनिटाला १०० लिटर पाणी ३० मीटर उंच चढवावयाचे आहे, असे समजू. त्यासाठी पाण्याला मिळणारी शक्ती सुमारे ०.४९ किलोवॅट असते. या कामासाठी डायफ्राम पंपाला साधारण ४ बार दाबाची हवा लागेल. तेवढे आकारमान भरण्यासाठी वातावरणातील किमान ५०० लिटर हवा दर मिनिटाला दाबावी लागते. कॉम्प्रेसरला मिनिटाला १ घनमीटर हवेमागे ६.५ किलोवॅट लागतात असे धरल्यास हा खर्च सुमारे ३.२५ किलोवॅट होतो. पंप व मोटार मिळून ४३ टक्के कार्यक्षमता असलेला सेंट्रिफ्यूगल पंप हेच काम सुमारे १.१५ किलोवॅटमध्ये करील. आठ तासांच्या पाळीत एकीकडे सुमारे २६ युनिट, तर दुसरीकडे सुमारे ९ युनिट वीज लागेल. हवेच्या नळीतील गळती यात धरलेली नाही. प्रत्यक्षात ती बहुतेक ठिकाणी असतेच.

स्वच्छ पाणी दिवसभर उपसण्यासाठी हा पंप लावणे म्हणूनच अपव्यय होय. उलट ज्वालाग्राही वायू, दाहक द्रव अथवा गाळ जेथे आहे, तेथे ही जास्तीची वीज सुरक्षिततेची किंमत म्हणून स्वीकारणे योग्य ठरते.

निवडीचे निकष

पहिला निकष द्रवाचा. तो आम्ल आहे की अल्कली, त्याचे तापमान किती, त्यात घनकण किती मोठे, हे आधी लिहून काढावे. ५० मिलिमीटर तोंडाच्या गोळी-झडपेच्या पंपातून साधारणतः ६ मिलिमीटरपर्यंतचे कण जातात. त्याहून मोठ्या कणांसाठी पाकळीच्या झडपेचा पंप घ्यावा लागतो. डायफ्राम निवडताना तेलासाठी नायट्राइल, सौम्य अल्कलीसाठी ईपीडीएम, तर तीव्र रसायनांसाठी टेफ्लॉन असा सर्वसाधारण संकेत आहे. ईपीडीएमला खनिज तेल चालत नाही, ही बाब दुर्लक्षिली जाते व डायफ्राम अकाली फुगतो.

दुसरा निकष आवरणाचा. पॉलिप्रॉपिलीनचे आवरण अनेक आम्लांना योग्य असते. परंतु त्यावर स्थिर विद्युत साचत असल्याने ज्वालाग्राही द्रवासाठी ते वापरू नये. धातूच्या पंपालाही भूसंपर्कन द्यावेच लागते. भूमिगत कोळसा खाणीत ॲल्युमिनियमसारख्या हलक्या धातूवर गंजलेल्या लोखंडाचा आघात झाल्यास ठिणगी उडू शकते. त्यामुळे तेथे बिडाच्या आवरणाचा विचार करावा. वीज नाही म्हणजे धोका नाही, ही समजूत येथे घातक ठरू शकते.

तिसरा निकष हवेचा. पंपाच्या माहितीपत्रकातील कमाल प्रवाह शून्य उंचीवरचा असतो. प्रत्यक्ष उंची व नळीतील घर्षण धरून आलेखावरून हवेची गरज पाहावी आणि उपलब्ध कॉम्प्रेसर तेवढी हवा देतो का, याची खात्री करावी. पंप कमाल क्षमतेच्या निम्म्याच्या आसपास चालेल असा आकार निवडल्यास डायफ्रामचे आयुष्य वाढते.

चौथा निकष परिसराचा. चंद्रपूर जिल्ह्यात औष्णिक वीज, सिमेंट व कोळसा, तर बल्लारपूर येथे १९४५ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीचा कागद उद्योग अशी द्रव-हाताळणीची विविधता आहे. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचे लोहखनिज अलीकडच्या काळात तेथील औद्योगिक चर्चेच्या केंद्रस्थानी आहे. खनिज जेथे धुतले वा दळले जाते, तेथे गाळ आणि त्यासाठी पंप हे ओघानेच येतात.

धानोऱ्याचा संदर्भ

धानोरा तालुक्यात मोठा कारखाना नाही. तरीही हा तालुका या इतिहासाबाहेर नाही. येथील जंगलातील बांबू कागद उद्योगाकडे जात असे. याच तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. कच्चा माल देणारा प्रदेश आपल्या मालाविषयी स्वतः निर्णय घेऊ लागला, हा बदल महत्त्वाचा होय.

यापुढे बांबूवर रासायनिक प्रक्रिया करणे वा मोहफुलांचा अर्क काढणे यांसारखे लहान उद्योग येथे उभे राहिल्यास पंप निवडण्याचा प्रश्न ग्रामसभेपुढेही येईल. बांबूला कीड लागू नये म्हणून वापरले जाणारे बोरॅक्स व बोरिक आम्लाचे द्रावण गळून ओढ्यात गेले, तर ते कठाणी नदीच्या वाटेने वैनगंगेकडे जाणार. अशा ठिकाणी सीलमधून न गळणारा पंप उपयुक्त आहे. मात्र त्याच्या हवेचा निकास नळीने बंदिस्त टाकीत सोडला तरच. मोठ्या नळीचा हा खर्च अल्प असतो. पण खरेदीच्या वेळी तो सांगितला गेला नाही तर केला जात नाही.

निष्कर्ष

१. हवेवर चालणारा डायफ्राम पंप हे खाणीची गरज, दाबयुक्त हवेचे तंत्र आणि कृत्रिम रबराचे रसायनशास्त्र यांच्या संगमातून १९५० च्या दशकात निर्माण झालेले साधन आहे.

२. समान कामासाठी तो सेंट्रिफ्यूगल पंपाच्या सुमारे तिप्पट वीज खर्च करू शकतो. म्हणून स्फोटाचा धोका, दाहकता, गाळ किंवा कोरडे चालण्याची शक्यता यांपैकी किमान एक कारण असल्याशिवाय त्याची निवड समर्थनीय नाही.

३. डायफ्राम कधीतरी फाटणारच, हे गृहीत धरून निकास, सुटे भाग आणि बदलाचे वेळापत्रक यांची तरतूद खरेदीच्या वेळीच करावी.

४. वनजिल्ह्यांतील औद्योगिक प्रशिक्षण संस्था व महाविद्यालये यांनी अशा यंत्रांची दुरुस्ती आणि निवड यांचे शिक्षण एकत्र द्यावे. यंत्र चालविणारा कामगार व शेजारचा ओढा या दोहोंचे हित त्या निवडीवर अवलंबून असते. त्यामुळे ती केवळ भांडार विभागाची बाब मानणे उचित नाही.