डबा की काच?

‘पैसे एकदाच हातात आलेत. बॉडी घेऊ की लेन्स?’ भिगवणला फ्लेमिंगो बघायला निघालेल्या होडीत, ताडोबाच्या गेटबाहेर जिप्सीच्या रांगेत, फोर्टातल्या कॅमेऱ्याच्या दुकानात हा प्रश्न हमखास कानावर पडतो. जाणत्याचं उत्तरही ठरलेलं : ‘आधी काच घे. बॉडी काय, दोन वर्षांत जुनी होते.’ प्रश्न आणि उत्तर दोन्ही पिढीजात वाटतात. खरं तर उत्तर जुनं आहे आणि प्रश्न अगदी अलीकडचा. फिल्मच्या काळात तो पडावा असं फारसं कारणच नव्हतं. त्याच्याही आधी, वन्यजीव छायाचित्रणाच्या पहिल्या पिढीचा सगळा भर तिसऱ्याच गोष्टीवर होता : प्राण्याच्या जवळ कसं जायचं?

यॉर्कशायरचे रिचर्ड आणि चेरी हे कीर्टन बंधू यासाठी काय वाटेल ते करत. बैलाचं कातडं लाकडी सांगाड्यावर चढवून त्याच्या पोटात माणूस आणि कॅमेरा बसवायचा, ही त्यांचीच शक्कल. पक्ष्यांच्या घरट्यांवरचं त्यांचं १८९५ चं पुस्तक छायाचित्रांनीच सजलेलं होतं. अमेरिकेत जॉर्ज शिरास रात्री होडीतून निघे. दिव्याच्या झोतात काठावरचं हरीण क्षणभर थबकलं की मॅग्नेशियमची भुकटी पेटवून तो फोटो टिपे. शिकाऱ्यांचीच ही जुनी युक्ती, फक्त बंदुकीच्या जागी कॅमेरा आला. ‘नॅशनल जिओग्राफिक’ने जुलै १९०६ च्या अंकात त्याची ७४ छायाचित्रं छापली.

हिंदुस्थानात हेच काम वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी केलं. वाघाच्या पायवाटेवर ते बारीक तार ताणून ठेवत. वाघाचा पाय तारेला लागला की फ्लॅश पेटे, शटर पडे आणि वाघ स्वतःचा फोटो स्वतःच काढून जाई. १९२५ मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने हे फोटो प्रसिद्ध केले आणि १९२७ मध्ये चॅम्पियन यांचं ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ आलं. जिम कॉर्बेटला बंदूक ठेवून कॅमेरा धरायची प्रेरणा मिळाली ती चॅम्पियन यांच्याच छायाचित्रांतून. कॉर्बेटची अडचण वेगळी होती. त्याचा सिने-कॅमेरा चालताना घरघरे आणि वाघाचे कान तिखट. म्हणून त्याने जंगलातल्या एका ओढ्यावर छोटे बांध घातले. पाणी खळाळत पडू लागलं, त्यात यंत्राचा आवाज बुडाला आणि वाघ काही फुटांवर येईपर्यंत चित्रीकरण झालं. बॉडीतला दोष ओढ्याच्या पाण्याने झाकला गेला.

लांबूनच जवळचं टिपणारी काच तोवर उपलब्ध होती. १८९१ मध्ये लंडनचा थॉमस डॉलमायर आणि जर्मनीतले मीटे व श्टाइनहाइल यांनी जवळपास एकाच वेळी, एकमेकांशी संबंध नसताना टेलिफोटोची रचना मांडली. पुढे प्रकाश एकवटणारं भिंग, मागे तो पसरवणारं भिंग. त्यामुळे नाभीय अंतर मोठं राहूनही नळी आखूड होते. पण त्या काळच्या मंद काचपट्ट्यांवर हलत्या प्राण्याचं चित्र अशा लेन्समधून उमटवणं जिकिरीचं होतं. शिवाय डब्याचीही एक उणीव होती : लेन्स काय बघते आहे ते फोटो काढणाऱ्याला दिसतच नसे. १९२५ ची लायका छोटी आणि चपळ, पण तिच्या खिडकीचा लांब लेन्सला उपयोग नव्हता. लाइट्झने १९३५ मध्ये २०० मिलिमीटरची टेलिट लेन्स आणली तेव्हा तिच्यासोबत आरशाची वेगळी पेटी जोडावी लागली. पुढच्याच वर्षी ड्रेस्डेनच्या किने एक्झाक्टाने तो आरसा ३५ मिमी कॅमेऱ्याच्या पोटातच बसवला. १९५९ मध्ये निकॉन एफ आला आणि डब्याने करायचं मोठं काम बहुतेक उरकलं.

इथून पुढची तीसेक वर्षं काचेची.

कारण साधं होतं. चित्र उमटे ते रोलवर, आणि रोल कुठल्याही डब्यात तोच. भारी बॉडीतल्या कोडाक्रोममध्ये आणि साध्या बॉडीतल्या कोडाक्रोममध्ये रंगाचा, कणांचा फरक पडायचा नाही. त्या काळच्या वन्यजीव छायाचित्रकारांच्या आवडत्या कोडाक्रोम ६४ चा हिशेब मांडून बघा. भर उन्हात एफ/५.६ ला शटर मिळे साधारण १/५०० सेकंद. वाघ बांबूच्या सावलीत शिरला आणि उजेड चार स्टॉप, म्हणजे चार वेळा निम्मा होत, घसरला की तेच १/३० वर येई. लांब लेन्स हातात धरून १/३० म्हणजे फोटो हललाच म्हणून समजा. त्याच जागी एफ/२.८ ची लेन्स असेल तर १/१२५ मिळे आणि बीन बॅगवर टेकवून काम भागे. हे दोन स्टॉप कुठलीही बॉडी देऊ शकत नव्हती. ते फक्त काच देई, आणि म्हणूनच ती परवडत नसे. ‘आधी काच’ हा सल्ला या हिशेबातून आला आहे.

भारतात हिशेबाला आणखी एक बाजू होती. परदेशी कॅमेऱ्यांवर आयातीचे निर्बंध आणि जबर कर. सामान्य घरात बडोद्यात बनलेला आग्फा क्लिक-३ असे, रोल उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा. लेन्स मिळेल ती आणि मिळेल तेव्हा, बहुधा परदेशाहून येणाऱ्या कुणाच्या तरी सामानातून. तिथे निवड करायला वावच कुठे होता? मद्रासचे एम. कृष्णन यांनी वेगवेगळे भाग जोडून कॅमेरा जुळवला, तोही कृष्णधवल चित्रांसाठी, आणि पाळीव हत्तीच्या पाठीवरून रानहत्ती, गवे टिपले. त्यांचं भारतीय वन्यजीवांचं सर्वेक्षण पुढे मुंबईच्या ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ने पुस्तकरूपाने काढलं. आज एखाद्या जोडणीतल्या उणिवांची चर्चा करणाऱ्याने ती चित्रं एकदा जरूर पाहावीत.

बॉडी की लेन्स या प्रश्नाची पहिली ठिणगी पडली १९८७ मध्ये. त्याच्या दोन वर्षं आधी मिनोल्टाने ऑटोफोकस बॉडीत बसवून बाजार हलवला होता. कॅननने त्यावर कडी केली : लेन्स बॉडीला जिथे बसते तो माउंटच बदलला. नव्या ईओएस बॉडीवर जुनी एफडी लेन्स सरळ बसेना. ज्यांनी पोटाला चिमटा काढून पांढऱ्या-काळ्या टेली जमवल्या होत्या, त्यांना हा घाव वर्मी लागला. पण कॅननने फोकसची मोटर लेन्समध्येच घातली आणि मोठ्या टेली झपाट्याने फोकस करू लागल्या. निकॉनने तेव्हा १९५९ चा माउंट सोडला नाही. मोटर बरीच वर्षं बॉडीतच ठेवली. त्या निष्ठेचीही किंमत पुढे कुणीतरी मोजली. २००६ मध्ये स्वस्त डी-४० आला तेव्हा त्यातून मोटर काढून टाकली होती. हौसेने जुनी ऑटोफोकस लेन्स घेऊन आलेल्याला ती हाताने फिरवत बसावं लागलं. बॉडी आणि लेन्स या दोन वेगळ्या खरेद्या आहेत, हा समज इथेच खोटा ठरला. खरेदी माउंटची होती.

प्रश्न खऱ्या अर्थाने जन्मला तो डिजिटलबरोबर. १९९९ चा निकॉन डी-१ जेमतेम पावणेतीन मेगापिक्सेलचा, पण त्याने एक गोष्ट कायमची बदलली : फिल्म आता डब्यात कायमची बसवलेली होती. बॉडी बदलणं म्हणजे रोल बदलणं. शिवाय बहुतेक बॉड्यांचा सेन्सर लहान, त्यामुळे ४०० ची लेन्स कॅननवर ६४० सारखी आणि निकॉनवर ६०० सारखी दिसू लागली. पक्षी टिपणाऱ्यांना ही लांबी फुकटात मिळाल्यासारखी वाटली. मग २००७ मध्ये निकॉन डी-३ आला, आयएसओ ६४०० घेऊन. कोडाक्रोम ६४ च्या बरोबर शंभरपट. तीच बांबूची सावली, तीच एफ/५.६ ची लेन्स, आणि १/३० च्या जागी १/३०००. ज्या दोन स्टॉपसाठी आयुष्याची बचत काचेत घातली जाई, त्याच्या तिपटीहून अधिक एका बॉडीने दिलं. काचवाल्यांच्या युक्तिवादाला एवढं मोठं खिंडार आधी पडलं नव्हतं.

काचही गप्प बसली नाही. २०१३ च्या अखेरीस टॅमरॉनने १५०-६०० ची झूम जाहीर केली, पाठोपाठ सिग्माने आपल्या दोन आणल्या आणि २०१५ मध्ये निकॉनची २००-५०० आली. ६०० मिलिमीटर म्हणजे श्रीमंताघरची वस्तू, ही समजूत तीन वर्षांत मोडली. वजनही उतरलं. कॅननची १९९९ ची ६०० एफ/४ पाच किलोच्या वर होती. २०१८ ची तिसरी आवृत्ती तीन किलोंवर आली.

पण लेन्स किती लांब चालेल हे आता बॉडी ठरवत होती. एफ/४ च्या लेन्सला २x चा कन्व्हर्टर लावला की ती एफ/८ होते, आणि एफ/८ ला बहुतेक बॉड्यांचा ऑटोफोकस डोळे मिटून घेई. कॅननने २०१२ मध्ये १डी एक्स आणला त्यात ही सोय नव्हती. पक्षी टिपणाऱ्यांनी इतका गलका केला की त्याच वर्षी फर्मवेअरमधून ती द्यावी लागली. आरसाच काढून टाकलेल्या मिररलेस बॉड्यांनी हा उंबरठाही ओलांडला. २०२० मध्ये कॅननने ६०० आणि ८०० च्या दोन एफ/११ लेन्स काढल्या. ६०० ची तर किलोच्याही आत. एफ/११ म्हणजे फिल्मच्या काळात हसण्यावारी नेण्याजोगा आकडा. या लेन्स चालतात त्या केवळ पाठीमागची बॉडी पक्ष्याचा डोळा शोधते आणि वाढवलेला आयएसओ निभावते म्हणून.

सेकंडहँड बाजारात हा सगळा इतिहास एका काउंटरवर भेटतो. १९७० च्या दशकातली हाताने फिरवायची निकॉर टेली आजच्या झेड-९ वर अडॅप्टरने बसते. फोकस हातानेच, पण स्थिरीकरण बॉडीतलं मिळतं. शेजारी १९८७ ची कॅनन ३०० एफ/२.८ असेल तर तीही आजच्या आर-५ वर अडॅप्टरने चढते आणि प्राण्याच्या डोळ्यावर फोकस करते. फक्त तिच्यात हाताने फोकस करायची कडीसुद्धा मोटरमार्फतच चालते. मोटर गेली की भिंगावर एक ओरखडा नसतानाही लेन्स निकामी, आणि सुटे भाग मिळणं कठीण. त्यामुळे असा व्यवहार करणारे काच उजेडात धरून बुरशी आहे का ते नंतर पाहतात. आधी ते लेन्स बॉडीला जोडतात, अर्धं शटर दाबतात आणि कान देऊन मोटर ऐकतात.