वाचवण्याला गुण देणारी माणसं

जीवरक्षण हा खेळही असतो, हे मला नोकरी लागल्यानंतर कळलं. तोवर जीवरक्षक म्हणजे किनाऱ्यावरचा लाल-पिवळ्या कपड्यांतला, शिट्टी वाजवून आपल्याला पाण्याबाहेर काढणारा माणूस, एवढीच ओळख. मग एकदा आंतरराष्ट्रीय जीवरक्षण महासंघाचं नियमपुस्तक मोबाइलवर उघडलं आणि रात्री दोनपर्यंत वाचत बसलो. आमच्या धंद्यात डॉक्युमेंटेशन कुणी वाचत नाही असा लौकिक आहे, पण हे सोडवेना.

तलावातल्या शर्यती साध्या वाटतात. एकीत २०० मीटर पोहताना पाण्यात सोडलेल्या जाळ्यांखालून आठ वेळा जायचं. दुसरीत २५ मीटर पोहून तळाशी पडलेला, पाण्यानं भरलेला एक मीटरचा पुतळा वर काढायचा आणि भिंतीपर्यंत ओढत न्यायचा. पुतळ्याला डोकं आणि धड, बाकी काही नाही. स्पर्धक पुतळा घेऊन ५ मीटरच्या आत वर आला पाहिजे. भिंतीला हात लागण्याआधी पुतळा सुटला तर बाद. दोन जाळ्यांच्या मध्ये डोकं पाण्याबाहेर आलं नाही तरीही बाद. अशा प्रत्येक चुकीला क्रमांक आहे. पंच चिठ्ठीवर क्रमांक लिहितो, आमचं सॉफ्टवेअर एरर कोड फेकतं तसं.

पण पुस्तक वाचताना मला स्पर्धकापेक्षा त्या चिठ्ठी लिहिणाऱ्याचं कुतूहल वाटायला लागलं. धावण्याच्या शर्यतीत कोण पहिला आला एवढंच बघायचं असतं. इथे पंचाला ठरवायचं असतं की या माणसानं 'वाचवलं' की नाही. हे ठरवायला तो शिकतो कुठे? आणि त्याला शिकवणाऱ्याला तरी ते कुणी शिकवलं?

याचं एक टोक लंडनमध्ये सापडतं. विल्यम हेन्री नावाचा जलतरणपटू होता. घराणं पोलिश, जन्मनाव जोसेफ नावरोत्स्की. त्यानं आणि आर्चिबाल्ड सिंक्लेअरनं १८९१ मध्ये पोहणाऱ्यांची एक जीवरक्षण संस्था काढली. पुढे तिला राजाश्रय मिळाला आणि ती रॉयल लाइफ सेव्हिंग सोसायटी झाली. या लोकांची कल्पना अशी, की बुडणाऱ्याला वाचवणं ही धाडसाची नाही, सरावाची गोष्ट आहे. म्हणून त्यांनी तिची कवायत केली. आधी जमिनीवर रांगेत उभं राहून, मग पाण्यात. आणि कवायत म्हटली की ती बरोबर झाली की नाही हे बघणारा आलाच. परीक्षक आणि पंच हे एकाच आईचे जुळे.

दुसरं टोक सिडनीत आहे. ऑस्ट्रेलियातल्या बऱ्याच किनाऱ्यांवर एकेकाळी दिवसाउजेडी समुद्रात उतरायला बंदी होती. कारण सभ्यता. १९०२ मध्ये मॅन्लीच्या किनाऱ्यावर विल्यम गोचर या स्थानिक वृत्तपत्राच्या संपादकानं आगाऊ जाहीर करून भर दिवसा डुबकी मारली. हळूहळू बंदी उठली, लोक लाटांत उतरले आणि बुडायलाही लागले. बहुतेकांना पोहताच येत नव्हतं. त्यातून किनाऱ्याकिनाऱ्यावर स्वयंसेवकांचे क्लब उभे राहिले आणि १९०७ च्या ऑक्टोबरमध्ये न्यू साउथ वेल्समध्ये त्यांची संघटना झाली. मॅन्लीलाच १९०८ च्या जानेवारीत पहिला सर्फ कार्निव्हल भरला.

या क्लबांचं मुख्य हत्यार म्हणजे रीळ. बॉन्डायच्या लायस्टर ऑर्म्सबीनं त्याचा नमुना केसांच्या पिना आणि दोऱ्याच्या रिळापासून केला असं सांगतात. खरं रीळ म्हणजे लाकडी चौकटीवर गुंडाळलेला लांबच लांब दोर. एक जण कमरेला पट्टा बांधून पोहत जायचा, मागचे दोर सोडत राहायचे, त्यानं बुडणाऱ्याला धरलं की हात वर करायचा आणि किनाऱ्यावरचे दोर गुंडाळून दोघांना ओढून घ्यायचे. विहिरीवरचा रहाट पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

या रिळाची स्पर्धा हाच पुढची कित्येक दशकं या खेळाचा गाभा होता. संघ पावलात पाऊल मिळवून वाळूवर यायचा. दोर कसा धरला, वळताना कोणता पाय आधी उचलला, रुग्णाला कसं उचललं, वाळूवर कसं ठेवलं, हे सगळं पंच वहीत टिपायचे. पूर्ण गुणांपासून सुरुवात आणि चूक दिसली की वजाबाकी. १९१० पासून जीवरक्षकांसाठी ब्राँझ मेडॅलियनची परीक्षा सुरू झाली, तिच्यातही हीच कवायत. म्हणजे स्पर्धा जिंकण्याची तयारी आणि खऱ्या किनाऱ्यावर उभं राहण्याची तयारी एकच होती. ही सोय मोठी होती, आणि माझ्या मते गोची पण तिथेच होती.

कारण कवायतीचा शेवटचा भाग होता श्वास परत आणण्याचा. त्या काळी एडवर्ड शेफर या शरीरशास्त्रज्ञानं १९०३ मध्ये मांडलेली पद्धत प्रमाण मानली जायची. रुग्णाला पालथं झोपवायचं, मांड्यांच्या दोन्ही बाजूंना गुडघे टेकायचे आणि पाठीच्या खालच्या भागावर ठरावीक लयीत दाब देत राहायचं. पंच लय मोजायचे, हातांची जागा बघायचे, कोपर ताठ आहे का बघायचे. हवा आत जाते का, हे वाळूवरून दिसायची सोयच नव्हती. शिवाय तिथे झोपलेला रुग्ण संघातलाच एक धडधाकट गडी, तो आपला आपण श्वास घेतच होता.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत जेम्स एलम आणि पीटर सफार यांनी हा प्रश्न मोजमापानं सोडवला. सफारनं बॉल्टिमोरमध्ये स्वयंसेवकांना औषध देऊन त्यांचे श्वासाचे स्नायू काही काळ निकामी केले. हो, जिवंत माणसांवर, त्यांच्या संमतीनं. मग जुन्या हाती पद्धती आणि तोंडानं श्वास देणं यांची तुलना केली. बेशुद्ध माणसाची जीभ आणि जबडा मागे पडून वाट बंद होते. ती वाट उघडल्याशिवाय पाठ कितीही दाबली तरी आत फारसं काही जात नाही. डोकं मागे झुकवून तोंडानं हवा फुंकली की छाती उचलली जाते, आणि हे नुसत्या डोळ्यांना दिसतं. १९६० च्या मार्चमध्ये सिडनीत जीवरक्षणाच्या तंत्रांवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तोंडानं श्वास देण्याची शिफारस झाली. ज्या शहरात ही कवायत सर्वात निगुतीनं केली जात होती, तिथेच ती बदलली.

त्या वर्षीच्या पंचांची मला कल्पना करावीशी वाटते. वीस-पंचवीस वर्षं ते कोपर ताठ नाही म्हणून अर्धा गुण कापत आले होते. ते बेईमान नव्हते, आळशी नव्हते. पुस्तकात लिहिलेलं ते तंतोतंत बघत होते. आमच्याकडे याला 'सगळ्या टेस्ट हिरव्या' म्हणतात: टेस्ट जे विचारते त्याचं उत्तर बरोबर येतं, आणि योग्य प्रश्न मात्र टेस्टमध्ये नसतोच. पण आमच्याकडे फार तर रात्री फोन वाजतो.

एवढं असूनही ती कवायत फुकट गेली असं म्हणवत नाही. ६ फेब्रुवारी १९३८ ला बॉन्डायवर एकामागोमाग मोठ्या लाटा आल्या आणि परतताना त्यांनी शेकडो लोकांना खोल पाण्यात ओढलं. क्लबच्या शर्यतीमुळे त्या दुपारी सत्तर-ऐंशी जीवरक्षक किनाऱ्यावरच होते. सुमारे २५० लोकांना बाहेर काढलं गेलं, पाच दगावले. खेळ नसता तर एवढे प्रशिक्षित हात एका जागी सापडले नसते. (स्त्रियांचे हात त्यात नव्हते. त्यांना पूर्ण सदस्यत्व आणि ब्राँझची परीक्षा मिळाली थेट १९८० मध्ये.)

पंचाच्या कामाला आणखी एक बाजू आहे आणि तिचा इतिहास ताजा आहे. ऑस्ट्रेलियाची राष्ट्रीय स्पर्धा गोल्ड कोस्टच्या कुरावा किनाऱ्यावर भरत असताना तिथे तीन तरुण स्पर्धक गेले: १९९६, २०१० आणि २०१२ मध्ये. सर्वात लहान चौदा वर्षांचा होता. ही मुलं पट्टीची पोहणारी, स्वतः जीवरक्षक. २०१० च्या मृत्यूची न्यायालयीन चौकशी झाली, तेव्हा कुणी कोणता नियम मोडला हा मुख्य प्रश्नच नव्हता. त्या दिवशी त्या पाण्यात शर्यत घ्यायला हवी होती का, आणि 'थांबा' म्हणायचं कुणी, हा होता. हजारो स्पर्धक आलेले, वेळापत्रक घड्याळावर बांधलेलं, पुढच्या शर्यतीचे लोक रांगेत उभे. अशा वेळी शिट्टी वाजवून सगळं बंद करणं हे क्रमांक लिहिण्यापेक्षा फार अवघड काम आहे. आज मोठ्या स्पर्धांत सुरक्षा अधिकारी वेगळा असतो, पाण्याची पाहणी होते, किनारा बदलण्याची किंवा स्पर्धा पुढे ढकलण्याची तयारी आधीपासून ठेवतात. पंच होऊ पाहणाऱ्यांना हे आता अभ्यासाचा भाग म्हणूनच शिकावं लागतं.

बाकी पंच होण्याची वाट तशी नीरस आहे, आणि ते बरंच आहे. आधी नियमपुस्तक, त्यावर परीक्षा, मग अनुभवी पंचाच्या शेजारी उभं राहून काही स्पर्धा. सुरुवातीला स्पर्धकांना रांगेत लावायचं, वेळ नोंदवायची, एका लेनवर नजर ठेवायची. स्टार्टर किंवा मुख्य पंच व्हायला वर्षं जातात. मानधन बहुतेक ठिकाणी नाही. आईबापच पंच झालेले सापडतात, कारण पोरांच्या स्पर्धेला दिवसभर बसायचंच असतं. नवशिक्याला आधी हेच सांगतात की दिसलं ते लिही, वाटलं ते लिहू नकोस.

पण एक प्रकार असा आहे जिथे नुसतं दिसणं पुरत नाही. चौघांच्या संघाला आधी बंद खोलीत ठेवतात. बाहेर तलावात काय मांडलंय ते त्यांना ठाऊक नसतं. दार उघडलं की दोन मिनिटं. पाण्यात बुडणाऱ्यांचं सोंग घेतलेली माणसं. एक जोरजोरात ओरडतोय, एक जखमी आहे, एकाला जेमतेम पोहता येतं, आणि कोपऱ्यात एक तळाशी गप्प पडलाय. नवखा संघ ओरडणाऱ्याकडे धावतो. ओरडणाऱ्याचा श्वास चालू आहे, हे कळायला एक क्षण थांबावं लागतं. पंच तो क्षण शोधत असतात: कुणी सगळीकडे नजर फिरवली का, कुणी सूत्रं हातात घेतली का, काठावरून काही फेकून काम भागत असताना उगाच पाण्यात उडी मारली का. इथे वजाबाकीची कवायत नाही, निर्णयाला गुण आहेत. शेफरच्या काळातल्या पंचांना जी सोय नव्हती ती इथे करून ठेवली आहे.

शेवटचा मुद्दा मला घरचा वाटतो. आपल्याकडे विहिरीत किंवा शेततळ्यात एक जण बुडाला की वाचवायला दुसरा उडी घेतो, कधी तिसराही, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात एकाच घरातली दोन-तीन नावं येतात. पाठीला डबा किंवा सुका भोपळा बांधून पोहायला शिकलेली पिढी पोहण्यात कच्ची नव्हती. पण घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याला मिठी मारतो आणि खाली नेतो, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. या खेळात दोर फेकण्याची वेगळी स्पर्धा आहे. १२ मीटरवर पाण्यात साथीदार, हातात दोर, ४५ सेकंद, आणि काठ सोडायचा नाही. पाण्यात उतरलात की बाद. विहिरीला, दोराला आणि ४५ सेकंदांना आपल्याकडे तोटा नाही.

योगायोग म्हणा, पण या खेळाची भारतातली संस्था, राष्ट्रीय लाइफ सेव्हिंग सोसायटी, आपल्या पुण्यातच आहे आणि तिनं राष्ट्रीय स्पर्धाही भरवल्या आहेत. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून नेमलेले प्रशिक्षित जीवरक्षक तर आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलेत, काहींनी त्यांच्या शिट्टीवर वैतागून परत रेतीत बसणंही अनुभवलंय. माझ्या मोबाइलमध्ये ते नियमपुस्तक अजून आहे. मित्रांपैकी दोघांना पाठवलं, एकानं विचारलं की यात दोर फेकायची कृती चित्रासकट आहे का, गावी चुलतभावाला पाठवायची आहे. त्यांच्या मळ्यात नवं शेततळं झालंय.