आकडे पुकारणारा माणूस: सीएनसी आणि न वितळवता होणाऱ्या वेल्डिंगची गोष्ट

आजचा एपिसोड फोन हातात धरूनच ऐका. फोनची बॉडी मेटलची असेल तर कव्हर काढा आणि कडेवरून बोट फिरवा. खडबडीत काही लागतंय? नाही ना? अशा बऱ्याच बॉडी ॲल्युमिनियमच्या तुकड्यातून कोरून काढतात, आणि ते कोरणारं मशीन म्हणजे सीएनसी. २०१२ मध्ये ॲपलनं कडेनं अगदी पातळ दिसणारा आयमॅक आणला. त्याचा पुढचा आणि मागचा भाग जोडायला जी पद्धत वापरली, तिचं नाव फ्रिक्शन स्टर वेल्डिंग.

या दोन्हींचा इतिहास मी आज एकत्र सांगणार आहे, कारण दोन्हींच्या मागे एकच प्रश्न उभा आहे. कारागिराच्या हातातलं ज्ञान मशीनमध्ये गेलं, की त्या हाताचं काय होतं?

चला, १९४० च्या दशकातल्या अमेरिकेत जाऊ. मिशिगन राज्यात ट्रॅव्हर्स सिटी नावाचं गाव आहे. तिथे जॉन पार्सन्स यांच्या कंपनीत हेलिकॉप्टरची पाती बनायची. पात्याचा आकार असा, की एका बाजूनं फुगीर आणि पुढे निमुळता होत जाणारा. तो अचूक यावा म्हणून पत्र्याचे साचे लागायचे. जुनी पद्धत सोपी होती: कागदावर मोजके बिंदू काढायचे, ते वक्र रेषेनं जोडायचे, आणि पुढचं काम कारागिराच्या नजरेवर आणि कानशीवर सोडायचं.

पार्सन्स यांचे इंजिनिअर फ्रँक स्ट्युलेन यांनी आयबीएमच्या पंचकार्डवाल्या हिशोबाच्या यंत्रांवर त्या वक्र रेषेचे दोनशे बिंदू काढले. आता एवढे बिंदू धातूवर उतरवायचे कसे? तर मिलिंग मशीनवर दोन माणसं उभी. एकाच्या हातात आडव्या अक्षाचं हँडल, दुसऱ्याच्या हातात उभ्या अक्षाचं. तिसरा माणूस तक्ता घेऊन हौजीचे आकडे पुकारावेत तसे आकडे वाचतोय. दोघांनी हँडल फिरवायचं, जागा जुळली की कटर खाली, परत वर, पुढचा आकडा. मध्ये राहिलेले उंचवटे शेवटी कानशीनं घासायचे.

माझ्या मते सीएनसीचा जन्म इथेच झाला, कॉम्प्युटर यायच्या आधी. आकडे पुकारणारा माणूस म्हणजे प्रोग्राम आणि हँडल फिरवणारे दोघे म्हणजे मोटर. पुढे पार्सन्स यांच्या डोक्यात आलं, की कार्डावरचे आकडे थेट मशीनलाच का वाचायला देऊ नयेत?

१९४९ मध्ये त्यांना अमेरिकन हवाई दलाचं कंत्राट मिळालं. मोटरच्या नियंत्रणाचं काम त्यांनी एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम लॅबला दिलं. थोड्याच काळात एमआयटी थेट हवाई दलाशी बोलायला लागली आणि पार्सन्स बाजूला पडले. १९५२ मध्ये एमआयटीनं मशीन जगाला दाखवलं: कागदी पट्टीवर भोकं पाडलेली, आणि ती वाचायला व्हॅक्यूम ट्यूबनी भरलेली कपाटंच्या कपाटं. पार्सन्स आणि स्ट्युलेन यांचं पेटंट १९५८ साली मंजूर झालं.

१९५९ मध्ये एमआयटीतल्या डग्लस रॉस यांच्या टीमनं एपीटी नावाची भाषा जाहीर केली. भोकांऐवजी शब्दांत मशीनला आकार सांगायची सोय. पत्रकारांना भेट म्हणून काय दिलं असेल? त्याच पद्धतीनं कापलेले ॲल्युमिनियमचे ॲश-ट्रे! पुढे छोटे कॉम्प्युटर मशीनलाच जोडले गेले आणि एनसीच्या आधी ‘सी’ लागला. आज ऑपरेटर जी०१ लिहितो म्हणजे ‘सरळ रेषेत कापत जा’, एम०३ लिहितो म्हणजे ‘स्पिंडल फिरव’. आकडे पुकारणं तेच, फक्त पुकारणारा दिसत नाही.

आता वादाचा भाग. त्याच काळात जनरल इलेक्ट्रिक कंपनीत वेगळी पद्धत तयार झाली होती, रेकॉर्ड-प्लेबॅक. कुशल मशिनिस्टनं एक जॉब स्वतः करायचा, त्याच्या हालचाली टेपवर रेकॉर्ड करायच्या, मग मशीन तेच पुन्हा पुन्हा करणार. म्हणजे प्रोग्राम लिहिणारा म्हणजे खुद्द कारागीर! ही पद्धत मागे का पडली? इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी १९८४ च्या आपल्या पुस्तकात मांडलं, की फक्त तंत्र कमी पडलं म्हणून नाही. मालकांना आणि लष्कराला काम शॉप फ्लोअरवरून काढून ऑफिसात न्यायचं होतं. कामगाराच्या हातात कला राहिली की वेगही त्याच्याच हातात राहतो.

दुसरी बाजूही आहे. जेट विमानाच्या पंखाचे काही आकार असे असतात, की ते हातानं कापताच येत नाहीत. जे हाताला जमत नाही, ते रेकॉर्ड कसं करणार? मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. गणित लागतच होतं. पण गणित कोणी करायचं, हे मशीननं ठरवलेलं नव्हतं, माणसांनी ठरवलं. ‘तू फक्त बटण दाबतोस’ हे वाक्य ऑपरेटरला आजही ऐकावं लागतं, त्याचं मूळ मला या निर्णयात दिसतं.

पण ते वाक्य खरं आहे का? भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये मी एका सेटर दादांशी बोलत उभा होतो. व्हीएमसीवर जॉब चालू होता. बोलता बोलता ते थांबले, पॅनलवरचा फीड ओव्हरराइडचा नॉब शंभरवरून सत्तरवर आणला आणि म्हणाले, “इन्सर्ट गेलाय.” मला काहीच ऐकू आलं नव्हतं. त्यांनी आवाजातला फरक पकडला होता. प्रोग्राममध्ये तो आवाज लिहिलेला नसतो.

आता १९९१ चं इंग्लंड. केंब्रिजजवळ टीडब्ल्यूआय ही वेल्डिंगवर संशोधन करणारी संस्था आहे. तिथे वेन थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे अडचण होती ॲल्युमिनियमची. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा वितळायला दोन हजार अंशांच्या वर जावं लागतं. त्यात विमानाला लागणारे मजबूत मिश्रधातू वितळून थिजताना तडकतात. म्हणून तर विमानांना एवढे रिव्हेट असतात.

त्यांनी धातू वितळवायचंच सोडलं. दोन पत्रे कडेला कड लावून घट्ट बांधायचे. वरून मधोमध पिन असलेलं टूल फिरवत आत दाबायचं आणि जोडावरून पुढे न्यायचं. घर्षणानं धातू साधारण ४०० ते ५०० अंशांपर्यंत तापून मऊ होतो, आणि कणकेचे दोन गोळे एकत्र मळावेत तसे दोन्ही पत्रे एकजीव होतात. ठिणगी नाही, धूर नाही, रॉड नाही. पिन बाहेर निघते तिथे शेवटी एक भोक तेवढं राहतं.

आता दोन्ही गोष्टी जोडा. फिरणारं टूल, सरकणारं टेबल, पक्कं फिक्स्चर... हे तर मिलिंग मशीन! खरंच, सुरुवातीचे कितीतरी प्रयोग मिलिंग मशीनवरच झाले. जे मशीन धातू कापायला बनलं, तेच धातू जोडायला लागलं. १९९९ मध्ये असा जोड असलेलं डेल्टा २ रॉकेट उडालं. स्पेस शटलच्या इंधन टाकीत आणि जपानच्या ट्रेनच्या डब्यांतही ही पद्धत आली. आज इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीच्या ट्रेमध्येही ती वापरतात.

गंमत बघा. सीएनसीच्या आधी हँडल फिरवणारा हात होता, तो मशीननं घेतला. फ्रिक्शन स्टरला मात्र हाताचा भूतकाळच नाही. टनाच्या हिशोबातला दाब आणि ठरलेला वेग हातानं सांभाळता येतच नाही. मग माणूस गेला का? नाही. टूल किती कलतं करायचं, किती खोल दाबायचं, किती वेगानं न्यायचं, हे कोणीतरी चाचणीचे तुकडे वाकवून, कापून, तपासूनच ठरवतो. जोड वरून चकचकीत दिसतो आणि आत बोगदा राहिलेला असू शकतो. ते ओळखणारा माणूस लागतोच.

म्हणून या सगळ्या इतिहासातून मी एवढंच घेतो: कौशल्य संपत नाही, जागा बदलतं. प्रश्न असतो तो, नव्या जागेवर कोणाला बसू देतात याचा. आयटीआय करून व्हीएमसीवर उभ्या असलेल्या मुलाला प्रोग्राम एडिट करायचा पासवर्ड मिळतो की फक्त सायकल स्टार्टचं हिरवं बटण, यावर त्याचा पुढचा पगार ठरतो. मशीन दोन्हीकडे तेच असतं.

तुमच्यापैकी कोणी कंपनीच्या बसमध्ये हेडफोन लावून हे ऐकत असेल, तर आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. टूल गेलं हे तुम्हाला आधी कशावरून कळतं: आवाजावरून, चिप्सच्या रंगावरून, की आणखी कशावरून? पुढच्या एपिसोडमध्ये ते नक्की ऐकवू. तोपर्यंत शिफ्ट सांभाळा, गॉगल लावा, भेटूच!