९४ चा आकडा

दिवाळीला अहमदपूरला घरी गेलो होतो. बाबा वैतागलेले... "पैसे दोनशेचे घ्यायलेत अन् ९४च द्यायलेत!" नेटवाल्याला फोन लावणारच होते. म्हटलं, बाबा थांबा, आधी नीट मोजू. वायफाय बंद केलं, टीव्ही बंद केला, लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडला. तीनदा मोजलं, तीनदा ९४!

लाईन खराब असती तर आकडा वरखाली झाला असता. हा जागचा हलेना. यामागे जुना इतिहास आहे.

१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने भारतात सर्वांसाठी इंटरनेट सुरू केलं. डायल-अपचा वेग होता ९.६ केबीपीएस. त्याच वर्षी 'फास्ट इथरनेट'चं मानक आलं, १०० एमबीपीएसचं. म्हणजे घरातली तार बाहेरच्या लाईनपेक्षा दहा हजार पट वेगवान! पुढे सरकारी व्याख्येत ब्रॉडबँडचा किमान वेग २००४ साली २५६ केबीपीएस, २०१३ ला ५१२ आणि २०२३ ला २ एमबीपीएस ठरला. तोवर फायबर गावोगावी पोचलं आणि लाईनच तारेच्या पुढे गेली.

बाबांच्या राउटरचे पोर्ट अजून १०० चेच. त्यातला थोडा भाग प्रत्येक पाकिटावर पत्ता लिहिण्यातच जातो, हाती उरतात ९४. खरं तर तांब्याच्या तारेवरचं गिगाबिट मानकही १९९९ सालचं!

गिगाबिटवाला राउटर आणला. आकडा १९० च्या वर.

बाबा जरा गप्प. मग म्हणाले, "बरं झालं, फोन नाही केला ते."