पिनकोड ही संख्या नव्हे

टाइप मिसमॅचची तक्रार आली की कास्ट लावायचा आणि पुढे जायचं, ही रीत प्रोग्रामरमंडळींत रूढ झाली आहे. तिचा पूर्वपक्ष असा: प्रोग्राम चालतोच आहे, पीएचपी गरजेप्रमाणे टाइप बदलून घेते, आणि स्टॅटिक अ‍ॅनालायझर कोड न चालवताच बोलतो, तेव्हा त्याचं किती ऐकायचं?

हा पक्ष एका पत्त्यावर घासून पाहू. वाराणसीजवळ गंगेपलीकडच्या रामनगरचा पिनकोड २२१००८. पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी. पहिला अंक विभागाचा, दुसरा उपविभागाचा, पहिले तीन मिळून वर्गवारीचा जिल्हा, शेवटचे तीन टपाल कार्यालयाचे. अर्थ अंकाच्या जागेत आहे. या आकड्यांची बेरीज कधी कुणाला लागत नाही.

आता पिनकोड घेणारं फंक्शन इंट मागतं, फॉर्ममधून स्ट्रिंग येते, अ‍ॅनालायझर अडवतो. कास्ट लावला की तक्रार मिटते. पण कुणी मधे जागा सोडून '२२१ ००८' भरलं, तर पीएचपीचा तोच कास्ट २२१ एवढंच देतो. देवनागरी अंकांत टंकलं तर शून्य! शेवटचे तीन अंक काढून इंट केले तर ००८ चे ८ उरतात आणि पुन्हा जोडताना २२१८ होतात. एरर एकही येत नाही. ज्याने सावध केलं असतं त्याला आपणच गप्प केलेलं असतं.

'न चालवता काय कळणार' याला न्यायदर्शनात जुनं उत्तर आहे. 'विस्तवाने शिंपतो' हे वाक्य व्याकरणशुद्ध, पण विस्तवाच्या ठायी शिंपण्याची योग्यता नाही, म्हणून शाब्दबोध, म्हणजे वाक्यार्थाचं ज्ञान, होत नाही. त्यासाठी बागेत विस्तव ओतून पाहावा लागत नाही. कास्ट व्याकरण सांभाळतो. योग्यता त्याला देता येत नाही.

काही तक्रारी फोल असतात, हे मान्य. व्हेरिएबल नल नसल्याची खात्री आपल्याला असते, अ‍ॅनालायझरला नसते. तिथे ती खात्री तपासणी म्हणून कोडातच लिहावी.

पिनकोडसाठी फंक्शनची घोषणाच स्ट्रिंग करा, डेटाबेसचा कॉलमही मजकुराचा ठेवा. फॉर्म येतो तिथेच एकदा मधली जागा काढा, देवनागरी अंक बदला, सहा अंक आहेत आणि पहिला शून्य नाही हे पाहा. तसं नसेल तर नोंद परत पाठवा. मग आत कुठेच कास्ट लागत नाही. जुन्या प्रकल्पात हे एका झटक्यात होणार नाही, त्यासाठी पीएचपीस्टॅन या अ‍ॅनालायझरमध्ये बेसलाइन आहे: जुन्या तक्रारी तिच्यात नोंदवल्या जातात, नव्या लगेच अडतात. त्या यादीतून पत्ते, रकमा आणि तारखांच्या तक्रारी आधी निकालात काढाव्यात.